रिकाम्या जागेची साक्ष

(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी वर्षाच्या व्याख्यानमालेत आम्ही बोलावे अशी आज्ञा झाली, तेव्हा शहाजीराजांच्या बंगळूरविषयी आम्ही काही सांगू, अशी कार्यकारिणीची समजूत असावी. आम्ही विषय कळविला तो पदार्थविज्ञानाचा. आम्ही पदवीने बी. ए. आणि पोटापाण्याने केंद्र सरकारचे नोकर. विज्ञानाचा अधिकार आम्हांस नाही. परंतु आजचा विषय जितका विज्ञानाचा आहे, तितकाच पुराव्याचाही आहे. आणि कोणत्या कागदावर किती विश्वास टाकावा, हे पाहण्यातच आमची उमेदीची वर्षे गेली आहेत. शिवाय हे शहर असे की, येथील मराठी घरांतून एखादे तरी मूल विज्ञानाच्या वाटेला लागलेले असते आणि जेवणाच्या पानावर आईवडिलांना प्रश्न विचारीत असते. त्या आईवडिलांपैकीच आम्ही एक आहोत.

प्रश्न असा आहे. शास्त्रज्ञ कागदावर आकडेमोड करतात आणि सांगतात की, अमुक भाराचा, अमुक वजनाचा एक कण सृष्टीत असलाच पाहिजे. तो कोणी पाहिलेला नसतो. तरीही त्यांच्या शब्दावर सरकारे कोट्यवधी रुपये खर्चून यंत्रे उभारतात, माणसे जमिनीखाली दोन-दोन किलोमीटर उतरतात, आणि कित्येकदा तो कण खरोखरच सापडतो. हे सांगण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला? त्याचे उत्तर बहुतेक वेळा एका शब्दात देतात: सममिती. हा शब्द सुंदर आहे. परंतु सौंदर्य म्हणजे पुरावा नव्हे. मग सममितीला पुराव्याचे मोल येते कोठून, एवढेच आज पाहावयाचे आहे.

ठिपक्यांची रांगोळी आपण सर्वांनी पाहिली आहे. सहा पाकळ्यांचे फूल एक पाकळीभर फिरविले, तरी ते पूर्वीसारखेच दिसते. काही केले आणि तरीही काही बदलले नाही, याचे नाव सममिती. पदार्थविज्ञानात ही कल्पना आकृतीला नव्हे, तर निसर्गाच्या नियमांना लावतात. आजचा नियम उद्या तोच, बंगळुरातला नियम पुण्यात तोच. ही गोष्ट इतकी साधी की, तिच्यातून काही निघेल असे वाटत नाही. परंतु एमी नोएथर या जर्मन विदुषीने १९१८ साली सिद्ध केले की, अशा प्रत्येक अखंड सममितीमागे एक अक्षय्यतेचा नियम उभा असतो. नियम काळाबरोबर बदलत नाहीत, म्हणून ऊर्जेची बेरीज कायम राहते. रांगोळीच्या गुणातून हिशेबाचा नियम निघाला!

आणि हिशेब म्हटला की आमच्यासारख्यांचा जीव गुंततो. १९३० च्या सुमारास किरणोत्सर्गाच्या एका प्रकारात ऊर्जेचा ताळेबंद जुळत नव्हता. अणुगर्भातून इलेक्ट्रॉन बाहेर पडे, पण जमेपेक्षा खर्च कमी दिसे. नील्स बोरसारखा थोर माणूस म्हणू लागला की, कदाचित या ठिकाणी ऊर्जेचा नियमच लागू नसेल. वोल्फगांग पाउली यांनी दुसरा मार्ग धरला. नियम खरा, तेव्हा एक नोंद कोणाच्या नजरेस पडलेली नाही, असे त्यांनी डिसेंबर १९३० मधील एका पत्रात सुचविले. विद्युत्भार नसलेला, जवळजवळ बिनवजनी असा एक कण ती ऊर्जा घेऊन निसटत असावा. तोच न्यूट्रिनो. तो प्रत्यक्ष पकडला गेला १९५६ साली, सव्वीस वर्षांनी. वह्या जुळत नसतील तर बेरजेचा नियम रद्द करावा की हरवलेली पावती शोधावी, हा प्रश्न आमच्या कचेरीत उत्तरासाठी क्षणभरही अडत नाही. पाउलींच्या धैर्याचे मोल त्यावरून आम्हांस कळते.

दुसरे उदाहरण पॉल डिरॅक यांचे. १९२८ साली त्यांनी इलेक्ट्रॉनचे असे समीकरण मांडले की, ते पुंजसिद्धांत आणि सापेक्षता या दोहोंच्या अटी पाळील. सापेक्षता हीदेखील सममितीच: एकसारख्या वेगाने जाणाऱ्या सर्व निरीक्षकांना नियम एकच दिसावेत, ही तिची अट. समीकरण सुटले, पण हवी होती त्याच्या दुप्पट उत्तरे घेऊन. जादा उत्तरांना धन भाराचा कण हवा होता. त्या काळी ठाऊक असलेला धन भाराचा कण म्हणजे प्रोटॉन. म्हणून डिरॅक यांनी प्रथम तोच पुढे केला. परंतु हेर्मान वाइल या गणितज्ञाने दाखविले की, समीकरणाची सममिती पाहता या कणाचे वस्तुमान इलेक्ट्रॉनइतकेच असले पाहिजे, आणि प्रोटॉन तर सुमारे अठराशे पट जड. तेव्हा १९३१ साली डिरॅक यांनी नव्या कणाचे भाकीत केले, आणि १९३२ साली कार्ल अँडरसन यांना विश्वकिरणांत तो पॉझिट्रॉन सापडला. येथे लक्षात ठेवण्याजोगे हे की, सममितीने 'कण आहे' एवढेच सांगितले नाही; 'तुम्ही म्हणता तो हा नव्हे' असेही ठणकावून सांगितले.

आता ज्या उदाहरणासाठी आम्ही हा विषय घेतला, त्याकडे येतो. १९६० च्या सुमारास नवनव्या कणांची इतकी गर्दी झाली होती की, त्यांची नावे ठेवता ठेवता शास्त्रज्ञ थकले. मरी गेल-मान आणि युवल नेमान यांनी स्वतंत्रपणे एक सममिती सुचविली. तिच्या आधारे कणांची कुटुंबे लावता येत. त्यांतील एक कुटुंब दहीहंडीच्या थरांसारखे मांडून पाहू. सर्वांत खालच्या थरावर डेल्टा नावाचे चार कण, वस्तुमान सुमारे १२३२. त्यावर सिग्मा नावाचे तीन, वस्तुमान सुमारे १३८५. त्यावर क्साय नावाचे दोन, वस्तुमान सुमारे १५३०. ही एकके दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टची आहेत. त्यांचा अर्थ आज महत्त्वाचा नाही, आकड्यांतील अंतर महत्त्वाचे आहे. पहिल्या दोन थरांत १५३ चे अंतर, पुढच्या दोहोंत १४५ चे. चार, तीन, दोन. आणि वर एकाची जागा रिकामी. त्या एकाचे वस्तुमान किती असावे, हे सभागृहातील कोणताही शाळकरी मुलगा सांगेल: सुमारे १६८०.

१९६२ साली जिनीव्हा येथील परिषदेत क्साय कणांची वार्ता कळताच गेल-मान यांनी उठून हेच सांगितले. त्या कणाचे नावही ठरले, ओमेगा. त्याचा भार ऋण एक. आणि कणांचा जो एक गुण 'विचित्रता' या नावाने ओळखला जातो, तो प्रत्येक थरागणिक एकेकाने उतरत आलेला असल्यामुळे येथे ऋण तीन. इतक्या विचित्रतेचे ओझे घेऊन झटपट मोडण्यास त्यास वाटच नव्हती. म्हणून तो इतर भावंडांपेक्षा पुष्कळ अधिक जगेल आणि छायाचित्रात आपली रेष उमटवून जाईल, हेही आधीच सांगता आले. अमेरिकेतील ब्रुकहेवन येथे द्रवरूप हायड्रोजनच्या पेटीची सुमारे एक लाख छायाचित्रे तपासण्यात आली, आणि १९६४ च्या आरंभी तो सापडला. आज त्याचे वस्तुमान १६७२ मानले जाते.

आमच्या कचेरीत मंजूर पदांचा एक तक्ता असतो. त्यात दहा पदे मंजूर आहेत आणि नऊ माणसे हजर आहेत, म्हणजे दहावे पद रिक्त आहे. त्या पदावर कोण येईल हे तक्ता सांगत नाही. पण त्याचा हुद्दा कोणता, वेतनश्रेणी कोणती, तो कोणाच्या हाताखाली, हे सर्व सांगतो. ओमेगाची गोष्ट अशीच. पण येथे कोणीही विचारील की, तक्ता दहाचाच कशावरून? नऊचाच असेल! याचे उत्तर गणित देते. या सममितीत अशा कणांची अविभक्त कुटुंबे एक, आठ, दहा, सत्तावीस अशा ठराविक संख्यांचीच असू शकतात. नऊचे अविभक्त कुटुंब संभवतच नाही. रांगोळीचे फूल फिरविताना एक पाकळी दुसरीच्या जागी जाते. एखादी पाकळीच नसेल, तर फिरविलेले फूल मूळ फुलाशी जुळणार नाही. जे नऊ कण हाती आहेत त्यांनाच ती सममिती लागू असेल, तर दहावा आलाच.

आमच्या न्यायशास्त्रात धुरावरून अग्नीचे अनुमान करतात. ते का चालते? जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी, ही व्याप्ती आधी माहीत असते म्हणून. नुसता धूर अग्नी सिद्ध करीत नाही. व्याप्ती सिद्ध करते. कणांच्या शास्त्रात ही व्याप्ती सममितीच्या गणितातून येते. मात्र ती लागू आहे की नाही, हे ठरविण्यासाठी हातात प्रत्यक्ष धूर हवा, म्हणजे आधी सापडलेले कण हवेत. पुढे कळले की हे थर क्वार्क नावाच्या घटकांमुळे पडतात आणि प्रत्येक वरच्या थरात एक जड क्वार्क अधिक असतो. म्हणजे त्या तक्त्यामागे खरोखरच एक कारण होते.

हे सर्व दूरदेशीचे वाटेल, म्हणून आता आपल्या गावाकडे वळू. डॉ. होमी भाभा १९३९ साली सुटीवर मायदेशी आले, युद्ध सुरू झाले, आणि ते बंगळुरात राहिले. ज्या भारतीय विज्ञान संस्थेला येथील जुनी मंडळी अजूनही टाटा इन्स्टिट्यूट म्हणतात, तेथे त्यांनी विश्वकिरणांचा विभाग चालविला. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात, याचे त्यांनी १९३५ साली केलेले गणित आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. डिरॅक यांच्या रिकाम्या जागेतून आलेला कण तीन वर्षांत एका भारतीयाच्या गणितात रुळला होता! टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा आरंभही १९४५ साली याच शहरात झाला. मुंबईस ती नंतर गेली. भाभांच्या हाताखाली येथे काम करणारा एक तरुण पुढे केंब्रिजला डिरॅक यांच्याकडे गेला, भौतिकी सोडून गणितात शिरला, आणि सममितीची कुटुंबे कशी बनतात याच गणिताचा विसाव्या शतकातील एक महापंडित ठरला. त्याचे नाव हरीश-चंद्र.

आणि बंगळुरापासून सुमारे शंभर किलोमीटरवर कोलारच्या सोन्याच्या खाणी आहेत. न्यूट्रिनो पकडावयाचा तर बाकीच्या विश्वकिरणांचा कोलाहल थांबला पाहिजे. त्यासाठी डोक्यावर खडकाचे पांघरूण हवे, आणि कोलारइतक्या खोल खाणी जगात मोजक्याच होत्या. टाटा संस्था, जपानचे ओसाका आणि इंग्लंडचे डरहॅम येथील शास्त्रज्ञांनी सव्वादोन किलोमीटरहून अधिक खोलीवर उपकरणे बसविली. मेनन, श्रीकंठन, मियाके, वूल्फेन्डेल ही त्यांतील काही नावे. १९६५ साली त्यांना वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोच्या पहिल्या खुणा मिळाल्या. जवळजवळ त्याच वेळी दक्षिण आफ्रिकेतील खाणीतही मिळाल्या. पाउलींची हरवलेली पावती आपल्या शेजारच्या जिल्ह्यात, सोन्याच्या खडकात सापडली, ही गोष्ट आपल्या मुलांना ठाऊक असावी असे आम्हांस वाटते.

पण कोलारची दुसरी गोष्ट अधिक बोध देणारी आहे. १९७४ साली जॉर्जाय आणि ग्लॅशो यांनी एक भव्य सममिती मांडली. त्याच सुमारास ओडिशाचे जोगेश पती आणि अब्दुस सलाम यांनीही तशाच दिशेचा विचार केला होता. जॉर्जाय-ग्लॅशो यांच्या तक्त्यात बल वाहून नेणाऱ्या कणांची चोवीस पदे होती. त्यांपैकी बारांना आज आपण ओळखतो: प्रकाशकण, डब्ल्यूचे दोन, झेड आणि आठ ग्लुऑन. उरलेले बारा रिक्त. ते इतके जड असावयाचे की कोणत्याही यंत्रात निर्माण होऊ नयेत. मग त्यांची साक्ष काढावी कशी? तर त्यांच्यामुळे प्रोटॉन अमर राहात नाही, कधीतरी मोडतो. त्याचे सरासरी आयुष्य एकावर तीसच्या आसपास शून्ये इतकी वर्षे निघाले. विश्वाचे वय यापुढे काहीच नाही. पण एका प्रोटॉनची वाट पाहात बसण्याऐवजी असंख्य प्रोटॉन एकत्र ठेवले, तर त्यांतला एखादा लवकर मोडेल.

१९८० साली कोलारला सुमारे २३०० मीटर खोलीवर लोखंडी पट्ट्यांच्या थरांचे १४० टनांचे उपकरण कार्यान्वित झाले. प्रोटॉनचा क्षय शोधण्यासाठी खास उभारलेल्या जगातील पहिल्या मोठ्या उपकरणांपैकी ते एक. साधा हिशेब करून पाहू. १४० टन लोखंडात प्रोटॉन व न्यूट्रॉन मिळून आठावर एकतीस शून्ये इतके होतात. सरासरी आयुष्य एकावर एकतीस शून्ये वर्षे असेल, तर वर्षाकाठी सुमारे आठ कण मोडावेत. कोलारच्या गटाला काही संशयास्पद घटना दिसल्या आणि त्यांनी त्या जगापुढे ठेवल्या. परंतु अमेरिका आणि जपान येथील पाण्याच्या प्रचंड टाक्यांत त्यास दुजोरा मिळाला नाही. आज जपानच्या सुपर-कामिओकांडे प्रयोगाने ही मर्यादा एकावर चौतीस शून्ये वर्षांच्याही पुढे नेली आहे. जॉर्जाय-ग्लॅशो यांचा मूळ तक्ता, जसा होता तसा, निसर्गाने मंजूर केला नाही. कोलारचे प्रयोग १९९० नंतर लवकरच थांबले. खाणीही २००१ साली बंद झाल्या.

हे अपयश म्हणावे काय? आम्ही म्हणणार नाही. ज्या पाण्याच्या टाक्या प्रोटॉनच्या मृत्यूची वाट पाहण्यासाठी बांधल्या, त्यांच्या परंपरेतच १९९८ साली कळले की, वातावरणातील न्यूट्रिनो वाटेत आपले रूप पालटतात, आणि म्हणून त्यांना वस्तुमान असले पाहिजे. हेच ते न्यूट्रिनो, ज्यांची पहिली चाहूल कोलारला लागली होती. शिवाय 'नाही' हे उत्तरही उत्तरच आहे. त्या खोल, उष्ण अंधारात उतरणाऱ्या माणसांनी एका सुंदर कल्पनेला निसर्गाच्या कचेरीत हजर केले आणि तिचा निकाल मिळवून दिला.

आता जी गोष्ट सांगावयाची, ती आपल्या मनास अधिक जवळची आहे. डॉ. रोहिणी गोडबोले यांचा जन्म १९५२ साली पुण्यात झाला. त्या स. प. महाविद्यालयात शिकल्या, मुंबईच्या आय. आय. टी. तून एम. एस्सी. झाल्या, अमेरिकेत डॉक्टरेट मिळवून परत आल्या, आणि मुंबई विद्यापीठानंतर १९९५ पासून येथील भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी काम केले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या 'लीलावतीज् डॉटर्स' या भारतीय स्त्री-शास्त्रज्ञांवरील ग्रंथाच्या त्या एक संपादक. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २५ ऑक्टोबर २०२४ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या अभ्यासाचा एक मोठा भाग अतिसममितीचा होता. सृष्टीतील कणांच्या दोन जातकुळी आहेत: एक पदार्थ घडविणाऱ्या कणांची, दुसरी बल वाहणाऱ्यांची. या दोहोंची अदलाबदल केली तरी नियम तेच राहावेत, ही अतिसममिती. ती खरी असेल तर प्रत्येक ज्ञात कणाला दुसऱ्या कुळीतला एक जोडीदार हवा. हे जोडीदार कोठे आणि कोणत्या खुणांनी ओळखावेत, यावर गोडबोले यांनी मॅन्युएल ड्रीस आणि प्रबीर रॉय यांच्यासह लिहिलेला ग्रंथ २००४ साली प्रसिद्ध झाला. जिनीव्हाच्या यंत्रात २०१२ साली हिग्ज कण सापडला. तोही १९६४ मध्ये सममितीच्याच गरजेतून सुचला होता आणि त्याने अठ्ठेचाळीस वर्षे वाट पाहावयास लावली. परंतु अतिसममितीचा एकही जोडीदार अद्याप मिळालेला नाही.

कोणी विचारील, मग त्या विदुषीचे ते परिश्रम वाया गेले काय? या प्रश्नासाठीच आम्ही आपला एवढा वेळ घेतला. ओमेगाच्या वेळी दहांपैकी नऊ हजर होते, आणि रिक्त पदाची वेतनश्रेणीदेखील ठरलेली होती. कोलारच्या वेळी निम्मी पदे भरलेली होती, पण तक्ताच प्रस्तावित होता. अतिसममितीत प्रत्येक पदाचा हुद्दा ठाऊक आहे, परंतु सममिती निसर्गात मोडलेली असल्यामुळे जोडीदारांचे वजन ठाऊक नाही. म्हणून कोठे शोधावे, हे नेमके सांगता येत नाही. तिन्ही ठिकाणी शब्द एकच, सममिती. पण साक्षीचे बळ तिन्ही ठिकाणी वेगळे. आणि गोडबोले यांच्यासारख्यांचे काम नेमके येथे मोलाचे ठरते. कण आहेच, अशी द्वाही फिरविणे हे त्यांचे काम नव्हते. तो असेल तर कोणती खूण दिसेल, आणि ती न दिसल्यास कोणती शक्यता कायमची मिटेल, हे निश्चित करणे त्यांचे काम होते. या कामावाचून यंत्रे आंधळी असतात.

१९५६ पर्यंत आरसा हीदेखील निसर्गाची सममिती आहे, असे सर्वांनी धरून चालले होते: आरशातले जग खऱ्या जगाइतकेच शक्य असावे. ली आणि यांग यांनी शंका काढली, आणि वू या विदुषीच्या प्रयोगाने ती खरी ठरली. निसर्ग डावेउजवे मानतो. तेव्हा सममिती डोळे मिटून मानावयाची श्रुती नव्हे.

म्हणून जेवणाच्या पानावर मूल विचारील, 'न पाहिलेला कण आहे कशावरून?' तर आपण तीन गोष्टी विचारावयास शिकवावे. पहिली, ही सममिती आधी सापडलेल्या कणांवर कसास लागली आहे काय? दुसरी, रिकाम्या जागेचा हुद्दा, भार आणि वजन आधीच लिहून ठेवले आहे काय? तिसरी, कण न मिळाल्यास आपले म्हणणे मागे घेण्याची तयारी आहे काय? तिन्हींचे उत्तर 'होय' असेल, तर त्या रिकाम्या जागेची साक्ष ग्राह्य धरावी. दोहोंचेच असेल, तर शोध चालू ठेवावा, पण निकाल देऊ नये. आणि एकाचेही नसेल, तर ती केवळ रांगोळी आहे. तिचे कौतुक करावे आणि उंबरठा ओलांडून आपल्या कामास लागावे.

हे तीन प्रश्न कणांपुरते नाहीत, हे सुज्ञ श्रोत्यांस सांगावयास नको.